औषधाच्या दारावर टाळे

ज्या जानेवारीच्या १७ तारखेला सारा सीमाभाग १९५६ च्या हुतात्म्यांपुढे मस्तक नमवितो, त्याच महिन्यात, २०२४ साली, कर्नाटकाच्या नोकरशाहीने बेळगावात एक पराक्रम गाजविला. सरकारी फौजफाट्यानिशी अधिकारी आले, त्यांनी दारे बंद करविली आणि टाळी ठोकली. कोणास वाटेल, मटक्याचा अड्डा सापडला असेल किंवा भेसळीच्या तेलाचे गोदाम हाती लागले असेल! तसे काही नव्हते. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी सीमावासीयांची नावे नोंदवून घेणारी ती केंद्रे होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि दारात उभी राहिलेली गरीब माणसे, एवढ्याच ऐवजाचे राज्याच्या सार्वभौमत्वाला भय वाटले.

आमचा पहिला सवाल साधा आहे. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये ही टाळी पडली? भारताच्या एका घटक राज्याने आपल्या तिजोरीतून एखाद्या भारतीय नागरिकाच्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च द्यावयाचे ठरविले, आणि त्या नागरिकाने त्यासाठी कागदावर सही केली, तर त्यात गुन्हा कोणाचा व कोणता? तसे कलम असेल तर सरकारने ते मराठीत छापून आमच्या हाती द्यावे. नसेल, तर ती टाळी शासनाची म्हणावीत की दंडेलीची, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

ही योजना म्हणजे काय, हे आमच्यातील अनेकांस अजूनही नीटसे ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पसरली आणि २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सूत्र असे की, ठरलेल्या यादीतील शस्त्रक्रिया वा उपचार अंगीकृत रुग्णालयात झाला, तर रुग्णाने रोख पैसा मोजावयाचा नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राने कागदपत्रे पाहावयाची, मंजुरी मागवावयाची आणि बिल शासनाने चुकते करावयाचे. प्रारंभी ही मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पाच लाखांवर नेली, उपचारांची संख्या १३५६ ठरविली आणि पूर्वी वगळलेल्या पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही आत घेतले. सीमाभागातील ८६५ गावांना या योजनेत सामावून घेण्याचा निर्णय त्यापूर्वीच झाला होता आणि मार्च २०२३ मध्ये त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूदही जाहीर झाली होती.

त्या ५४ कोटींची वार्ता येताच बेंगळूरमध्ये काय थयथयाट झाला! तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तिचा धिक्कार केला आणि प्रकरण थेट केंद्रीय गृहमंत्र्यांच्या कानी घालण्याची भाषा केली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांनी गृहमंत्र्यांसमक्ष जो समझोता केला, त्याचा हा भंग असल्याचे सांगण्यात आले. त्या समझोत्याचा मथितार्थ एवढाच होता की, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी कोणाच्या प्रदेशावर दावा सांगू नये. आता, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे रक्त शुद्ध करण्याचा खर्च देणे हा प्रदेशावरील दावा कसा ठरतो, हे राज्यशास्त्र आम्हांस तरी अवगत नाही.

आणि हाच न्याय लावावयाचा तर मग तो दोन्हीकडे लावा. याच बोम्मईसाहेबांनी अवघ्या काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, महाराष्ट्रातील कन्नड शाळांना विशेष अनुदान देण्याची घोषणा केली होती. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड मुलांची त्यांना काळजी वाटली, यात आम्हांस काहीच वावगे दिसत नाही. भाषाबंधूची काळजी वाहणे हा धर्मच आहे. महाराष्ट्र शासन स्वतः त्या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा चालविते आणि तेही योग्यच करते. परंतु जतच्या पोराच्या पाटीपेन्सिलीला बेंगळूरचा पैसा चालतो आणि खानापूरच्या म्हाताऱ्याच्या औषधाला मुंबईचा पैसा चालत नाही, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

सीमेवरच्या रुग्णाची ही गत आजची नव्हे आणि ती फक्त मराठी माणसाचीही नव्हे. २०२० सालच्या मार्चअखेरीस, साथीच्या दिवसांत, कर्नाटकाने केरळच्या सीमेवरील रस्ते मातीचे ढिगारे घालून बंद केले. कासरगोडच्या लोकांचे मोठे इस्पितळ म्हणजे मंगळूर. पिढ्यान्‌पिढ्या ते तिकडेच जात आले होते. तलपाडीच्या नाक्यावर रुग्णवाहिका अडल्या, माणसे वाटेत दगावली. अखेर १ एप्रिल २०२० रोजी केरळ उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, उपचारासाठी निघालेल्या माणसाचा रस्ता अडविणे हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे. मामला सर्वोच्च न्यायालयात गेला, केंद्र मध्ये पडले आणि मग कोठे रुग्णांना सोडण्याची कार्यपद्धती ठरली. यातील विदारक गोष्ट अशी की, हे तेच कासरगोड, जे महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने आपल्या पदरात टाकले म्हणून कर्नाटक आजतागायत त्या अहवालाचा जप करीत आले आहे. भूमी हवी, पण त्या भूमीवरचा आजारी माणूस नको! ज्यांस आपले म्हणून मागितले त्यांच्याशी हा व्यवहार. मग आम्हांस तर त्यांनी कधी आपले म्हटलेच नाही.

येथवर वाचून आमच्या मुंबईकर नेत्यांनी समाधानाने मान डोलविली असेल, तर त्यांनी जरा थांबावे. त्यांच्यासाठीही आमच्या शाईत काही थेंब राखून ठेवलेले आहेत.

जानेवारी २०२४ ची टाळी पडली तेव्हा महाराष्ट्राच्या सरकारने काय केले? निषेधाची वक्तव्ये झाली. निषेधाच्या वक्तव्यांवर सीमाभाग १९५६ पासून जगत आला आहे. त्यांचा साठा करावयाचा म्हटला तर एक नवे गोदाम बांधावे लागेल. २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ८६५ गावांची इंच न् इंच जमीन मिळविण्याचा ठराव एकमताने केला. त्या ठरावाला आम्ही वंदन करतो. परंतु बेळगावच्या माणसाजवळ शिधापत्रिका कर्नाटकाची आहे आणि योजनेची सारी यंत्रणा महाराष्ट्राची शिधापत्रिका पाहून चालते. ही अडचण मंत्रालयातील कारकुनासही कळावी इतकी उघड होती. मग नोंदणीचा सारा डोलारा बेळगावातल्या त्या दोन खोल्यांवर का उभारला? त्या खोल्या एक दिवस बंद पडतील, हे सत्तर वर्षे या सरकारशी व्यवहार केलेल्या कोणत्याही सीमावासीयाने आधीच सांगितले असते. चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापूरला, मिरजेला, सावंतवाडीला, आणि बिदर-भालकीच्या लोकांसाठी उदगीर-लातूरला, म्हणजे महाराष्ट्राच्या स्वतःच्या भूमीवर, जेथे कोणाचे टाळे पोहोचत नाही तेथे, सीमावासीयांसाठी स्वतंत्र खिडकी उघडण्यास कोणाची हरकत होती? रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राने त्याचे गाव ८६५ च्या यादीत पाहावे, मतदार ओळखपत्र पाहावे आणि त्याला आत घ्यावे, एवढा सरळ हुकूम निघण्यास किती शाई लागते? ५४ कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत आला. त्यातील किती रुपये किती सीमावासीयांच्या उपचारांवर प्रत्यक्ष खर्ची पडले, याचा गाववार तपशील शासनाने विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा, अशी आमची जाहीर मागणी आहे. आकड्यांनी ताप उतरत नाही.

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची स्थिती आहे. फक्त आई कोणती आणि बाप कोण, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

आता तिसरा शब्द आमच्या स्वतःच्या घरातील. हा लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्यातील काही मानी मंडळी अशी आहेत की, ‘कर्नाटकाचे कार्ड काढले तर आपला सीमालढा लटका पडेल’ अशा समजुतीने आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्डच काढीत नाहीत आणि शेजाऱ्यासही काढू देत नाहीत. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या विचाराविषयी आहे. बाबांनो, बेळगावच्या बाजारात काडेपेटी घेतलीत तरी त्यावरचा कर कर्नाटकाच्या तिजोरीत जातो. घरपट्टी भरता, वाहनकर भरता, मुद्रांक घेता. तो पैसा तुमचा आहे. त्यातून मिळणारा उपचार हे कोणाचे उपकार नव्हेत आणि तो घेतल्याने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्यातील एक अक्षरही पुसले जात नाही. शेजाऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचे नाक कापून घेणाऱ्याला आमच्या आज्या काय म्हणत असत, ते आठवावे.

म्हणून, राग बाजूस ठेवून, काय मिळू शकते ते समजून घ्या. कर्नाटकाची ही योजना २०१८ च्या मार्चमध्ये आरोग्य कर्नाटक या नावाने आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर केंद्राच्या आयुष्मान भारताशी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड ज्यांच्याजवळ आहे त्या कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण. ज्यांच्याजवळ ते नाही त्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देते, तीही वर्षाला दीड लाखांच्या मर्यादेत. उरलेले ७० टक्के रुग्णाच्या खिशातून. येथे एक खोच आहे, जी न कळल्यामुळे अनेक घरे कर्जात बुडतात. तातडीचा प्रसंग सोडला तर या योजनेचा रस्ता आधी सरकारी रुग्णालयातून जातो. तेथे तो उपचार होण्यासारखा नसेल तर तेथील डॉक्टर चिठ्ठी देतात आणि त्या चिठ्ठीवर खाजगी अंगीकृत रुग्णालयात दाखल होता येते. आमची माणसे घाबरून थेट खाजगी रुग्णालयात धाव घेतात, अनामत भरतात आणि चौथ्या दिवशी कार्ड दाखवितात. तेव्हा उत्तर मिळते, चिठ्ठी कोठे आहे?

आणखी एक गोष्ट. केंद्राच्या यादीत ज्या कुटुंबांची नावे आहेत, त्यांना आयुष्मान कार्डावर परराज्यातील अंगीकृत रुग्णालयातही उपचार घेता येतात. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जाऊ शकतो, अथणीचा मिरजेला जाऊ शकतो. मात्र आपले नाव केंद्राच्या यादीत आहे की राज्याने मागाहून घातलेल्या यादीत, हे निघण्यापूर्वी १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे. कारवारकरांनी तर हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे, कारण ज्या बांबोळीच्या इस्पितळाची वाट ते वर्षानुवर्षे चालत आले, तेथे गोवा सरकारने २०१८ पासून परराज्यातील रुग्णांकडून आकार घेण्यास प्रारंभ केला.

सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना आहे. २००२ साली निघालेली, २०१८ मध्ये गुंडाळलेली आणि २०२२ साली पुन्हा उभी केलेली ही योजना वर्षाला अल्प वर्गणी घेऊन कुटुंबास पाच लाखांपर्यंत आधार देते. दूध संस्था, सेवा सोसायट्या आमच्या गावोगावी आहेत आणि त्यांचे चिटणीस बहुतेक आपलेच आहेत. नोंदणीची मुदत संपल्यावर सभासदास ही योजना सांगणाऱ्या चिटणीसाला पुढच्या वार्षिक सभेत उभे करून जाब विचारावा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत राबणारा आणि महिना २१ हजारांपर्यंत वेतन घेणारा कामगार राज्य विमा योजनेखाली येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाने सव्वातीन टक्के भरावयाचे असतात. ते भरले जातात की नाही हे पाहणे कामगाराच्या हाती आहे. निपाणीच्या विडी कामगार भगिनींसाठी १९७६ चा कल्याण निधी कायदा आहे, पण ओळखपत्र हाती असल्यावाचून त्या निधीचा दरवाजा उघडत नाही. आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकासाठी, तो श्रीमंत असो वा गरीब, पाच लाखांच्या संरक्षणाची योजना सुरू केली. आमच्या जिल्ह्यात त्या कार्डाची नोंदणी कोठे होते आणि ते कोणकोणत्या रुग्णालयांत स्वीकारले जाते, हे जिल्हा प्रशासनाने लेखी जाहीर करावे. सत्तरीच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणण्यासारखा क्रूर विनोद दुसरा नाही.

पण कणकुंबीची एखादी सत्तरीची आजी हे सारे समजणार कसे? अर्ज कन्नडात. फलक कन्नडात. खिडकीपलीकडचा कारकून कन्नडात बोलतो आणि मराठी येत असले तरी येत नसल्याचे सोंग आणतो. भाषेचा प्रश्न हा भावनेचा प्रश्न आहे, पोटाचा नव्हे, असे आम्हांस शहाणपणाने सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा सरकारी रुग्णालयाच्या रांगेत, आपल्याला न वाचता येणारा कागद हातात घेऊन उभे राहावे. जे संरक्षण माणसाला वाचताच येत नाही, ते त्याच्या कोणत्या उपयोगाचे? शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती ही समजून-उमजून दिलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले. मग न कळणाऱ्या लिपीतील संमतिपत्रावर घेतलेला अंगठा ही संमती कशी?

यात आम्ही नवे काही मागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ साली जे निवेदन काढले, त्यातच म्हटले आहे की, ज्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने या संरक्षणांवर पुन्हा शिक्कामोर्तब केले. राज्यघटनेचे ३५० वे कलम तर प्रत्येकास आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. तेव्हा अर्ज मराठीतच लिहा, आवकजावक वहीत त्याचा क्रमांक घ्या आणि पोच मागा. कोणी परत केला तर परत केल्याचे लिहून मागा. कर्नाटकाने २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा दुरुस्त करून फलकावर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले. ठीक आहे; आम्ही गणित शिकलेले आहोत. रुग्णालयाच्या फलकावरील उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी मावते.

एकीकरण समितीच्या तरुणांस आमची विनंती आहे. मोर्चे निघाले पाहिजेत, काळा दिन पाळला पाहिजे, त्यात खंड नको. पण प्रत्येक गल्लीत असे दोघे हवेत की, ज्यांना कोणते कार्ड कोठे चालते, चिठ्ठी कोण देतो आणि आरोग्यमित्र कोठे बसतो, हे तोंडपाठ आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाच्या घरी तोच कार्यकर्ता पोहोचला पाहिजे. खोलीला टाळे ठोकता येते. मराठी अर्ज भरून देणाऱ्या माणसाला कोणते टाळे ठोकणार?

दर हिवाळ्यात कर्नाटकाचे मंत्रिमंडळ आमच्या गावात येऊन सुवर्णसौधात अधिवेशन भरविते, बेळगाव आपले असल्याचे जगास दाखविते आणि दोन आठवड्यांनी बेंगळूरला परतते. पुढील अधिवेशनापूर्वी जिल्हा रुग्णालयाच्या आणि खानापूर, निपाणी येथील तालुका रुग्णालयांच्या दारात आरोग्य योजनांची माहिती देणारा मराठी फलक लागतो की नाही, आणि ज्या नोंदणी केंद्रांना टाळी पडली ती उघडण्याचा लेखी हुकूम निघतो की नाही, हे आम्ही स्वतः जाऊन पाहणार आहोत. जे दिसेल ते, तारीख आणि ठिकाणासह, याच स्तंभात छापले जाईल.